मेहुणे म्हणतात, ‘ते तर कालपर्यंत पॉलिटेक्निक होतं!’

ताई, सा. न.

मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो. मुलगी पुण्यातून मेकॅनिकलची बी.ई. झाली, दोन वर्षं चाकणला नोकरी केली. लहानपणापासून तिला विमानांचं वेड. आता इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाकडून एरोस्पेस इंजिनिअरिंगच्या एम.एस्सी.ची ऑफर आली आहे. इथला एजंट म्हणतो, आठ दिवसांत डिपॉझिट भरा, नाहीतर जागा जाईल. लेस्टरला राहणारे माझे मेहुणे म्हणतात, ‘ते खरं विद्यापीठच नव्हे, कालपर्यंत पॉलिटेक्निक होतं. त्यासाठी घर गहाण टाकता की काय?’ तेव्हापासून मुलगी मामाशी बोलत नाही आणि माझ्याशी कामापुरतंच बोलते. कर्ज मोठं आहे, घर तारण ठेवावं लागेल. हे विद्यापीठ नेमकं आहे तरी कसं? पाठवू का?

– एक वडील, नाशिक

दादा,

मेहुण्यांचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घरात एवढं झोंबलं. १९९२ पर्यंत त्या संस्थेचं नाव ‘हॅटफिल्ड पॉलिटेक्निक’ होतं, यात वाद नाही. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमाला जायचं ठिकाण म्हणजे पॉलिटेक्निक, त्यामुळे तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल ते मला कळतं. पण ब्रिटनमध्ये त्या संस्था पदव्या देत होत्या, एम.एस्सी. आणि पीएच.डी.सुद्धा. फरक इतकाच की पदवीवर शिक्का त्यांचा स्वतःचा नसे. त्यासाठी १९६४ साली देशपातळीवर एक वेगळी परिषद नेमली होती, ती अभ्यासक्रम तपासून पदवी देई. आपल्याकडची संलग्न महाविद्यालयं शिकवतात आणि पदवी विद्यापीठ देतं, काहीसं तसंच.

तुमच्या मुलीच्या विषयापुरतं बोलायचं तर विद्यापीठाचं गाव हॅटफिल्ड कुठून आलं ते आधी बघा. तुम्ही ओझरचे, तुम्हाला ते माझ्यापेक्षा लवकर समजेल.

हॅटफिल्ड हे लंडनच्या उत्तरेला, किंग्ज क्रॉस स्टेशनहून गाडीने साधारण पंचवीस मिनिटांवर. १९३०च्या दशकात डी हॅविलंड या विमान कंपनीने आपला पसारा लंडनमधून इथे हलवला. नाव ओळखीचं वाटत असेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ते ‘पस मॉथ’ विमान याच कंपनीचं (ते मात्र लंडनच्या जुन्या कारखान्याच्या काळातलं). हॅटफिल्डच्या धावपट्टीवरून नोव्हेंबर १९४० मध्ये ‘मॉस्किटो’ पहिल्यांदा उडालं. युद्धात ॲल्युमिनियमची टंचाई, म्हणून लाकडाचं विमान बांधायचं आणि ते शत्रूच्या लढाऊ विमानांना मागे टाकेल इतकं हलकं ठेवायचं, हा त्या मंडळींचा हट्ट. तो त्यांनी खरा करून दाखवला. जुलै १९४९ मध्ये इथूनच ‘कॉमेट’ आकाशात गेलं, जेटवर चालणारं जगातलं पहिलं प्रवासी विमान.

युद्ध संपायच्या आधीच, १९४४ साली, कंपनीचे अध्यक्ष ॲलन बटलर यांनी रो ग्रीन भागातली नव्वद एकर जमीन शिक्षणासाठी काउंटी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेला, दिली. कारखान्याला शिकलेली माणसं हवी होती, सरळ हिशोब होता. तिथे १९५२ मध्ये हॅटफिल्ड टेक्निकल कॉलेज उभं राहिलं. उद्घाटनाला खुद्द ड्यूक ऑफ एडिंबरा आले होते. मुलं काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात, अशी शिक्षणाची पद्धत. त्याच वर्षी मे महिन्यात कॉमेटने प्रवासी न्यायला सुरुवात केली होती. आणि दोनच वर्षांत, १९५४ मध्ये, दोन कॉमेट हवेतच फुटली. चौकशीत कळलं की केबिनमधला हवेचा दाब पुन्हापुन्हा कमी-जास्त होऊन धातूच थकत होता. ‘मेटल फटीग’चा तो धडा आज जगातला प्रत्येक एरोस्पेसचा विद्यार्थी शिकतो. तुमची मुलगी जिथे तो शिकणार, तिथल्या पहिल्या तुकड्यांना तो पुस्तकात वाचावा लागला नाही. शेजारच्या कारखान्यात तीच चर्चा चालू असणार.

पुढचं पटकन सांगते. १९६५ मध्ये ब्रिटनचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी वुलिचच्या भाषणात धोरण मांडलं: जुन्या विद्यापीठांच्या बरोबरीने उद्योगाला जोडलेल्या, स्थानिक परिषदांनी चालवलेल्या संस्थांची दुसरी फळी उभी करायची. त्यातून पॉलिटेक्निकं निघाली. हॅटफिल्डला तो दर्जा १९६९ मध्ये मिळाला. संगणकाचं शिक्षण तिथे त्याच दशकात सुरू झालं होतं, जेव्हा बऱ्याच जुन्या विद्यापीठांना संगणक हा वेगळा विषय आहे हेच पटत नव्हतं. १९७०च्या दशकात ब्रिटनने माहितीच्या खासगीपणाचा कायदा कसा असावा हे ठरवायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष नॉर्मन लिंडॉप. ते हॅटफिल्ड पॉलिटेक्निकचे संचालक होते. १९८८च्या कायद्याने या संस्था कौन्सिलच्या हातून सुटल्या आणि १९९२च्या कायद्याने तिसाहून अधिक संस्था एका फटक्यात विद्यापीठं झाल्या. ब्रिटनमध्ये ‘मॉडर्न युनिव्हर्सिटी’ किंवा ‘पोस्ट-नाइंटीटू’ म्हणतात ती हीच मंडळी. तो उल्लेख कधी साधा असतो, कधी नाक मुरडून केलेला. मेहुण्यांनी दुसरा ऐकला असावा.

आता त्यांच्याच गावाचं बघा. लेस्टर विद्यापीठाला स्वतंत्र विद्यापीठाची सनद मिळाली १९५७ साली, म्हणजे आपलं मुंबई विद्यापीठ शंभर वर्षांचं झालं तेव्हा. त्यांच्याच शहरातलं डी मॉन्टफर्ट विद्यापीठ १९९२चं. आणि लेस्टरहून जवळच असलेलं लफबरा, ज्याच्या एरोनॉटिक्सचं नाव ते आदराने घेतील आणि घ्यावंच, तेसुद्धा एका गावातलं तांत्रिक शाळेपासून वाढलेलं कॉलेजच होतं. त्याला सनद १९६६ मध्ये मिळाली. तेव्हा जन्मसालावरून विद्यापीठ तोलायचं ठरवलं तर निम्मा ब्रिटन बाद होईल. मेहुण्यांशी भांडायला हे वापरू नका. पण मुलीला वाचून दाखवायला हरकत नाही.

ज्याची मला खरी काळजी वाटते ते वयाचं नाही, वेगळं आहे. १९९२ मध्ये हॅटफिल्डला विद्यापीठाचा मान मिळाला आणि साधारण त्याच सुमाराला कारखान्याला कुलूप लागायला सुरुवात झाली. डी हॅविलंड आधीच हॉकर सिडलीमध्ये आणि मग ब्रिटिश एरोस्पेसमध्ये विरघळली होती. १९९०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत हॅटफिल्डला विमान बनवणं थांबलं, धावपट्टी बंद झाली. ओझरला उद्या कारखाना बंद झाला आणि शेजारचं इंजिनिअरिंग कॉलेज मात्र वाढत गेलं, तर त्या कॉलेजात विमानांचं काय उरेल? हाच प्रश्न हॅटफिल्डला विचारायचा.

उत्तर सरळ नाही. जुन्या विमानतळाच्या जागी आज ऑफिसं, गोदामं, घरं आहेत. रस्त्याला ‘मॉस्किटो वे’ असं नाव आहे आणि ऑनलाइन किराणा पोचवणाऱ्या ओकाडो कंपनीचं मुख्यालय या गावात आहे. त्याच विमानतळाच्या एका भागावर विद्यापीठाने २००३ मध्ये दुसरा कॅम्पस उघडला, नाव अर्थातच ‘डी हॅविलंड कॅम्पस’. मात्र तिथे विमानं शिकवत नाहीत. तिथे बिझनेस, कायदा, शिक्षणशास्त्र, आणि मोठं क्रीडासंकुल. मुलगी बसणार जुन्या ‘कॉलेज लेन’ कॅम्पसवर, बटलरांच्या जमिनीवर. विज्ञान, इंजिनिअरिंग, आरोग्यसेवा, कला हे सगळं तिकडे. दोन कॅम्पसमधलं अंतर चालत जाण्यासारखं, आणि बसही आहे. गंमत म्हणजे ती बस कंपनी, ‘युनो’, विद्यापीठाच्याच मालकीची आहे आणि गावातल्या लोकांनाही नेते-आणते. एजंटच्या चकचकीत पुस्तिकेत फक्त पोहण्याचा तलाव आणि काचेच्या इमारती असतील, तर मुलीला कॉलेज लेनच्या प्रयोगशाळांचे फोटो मागायला सांगा.

विभागात एरोस्पेस टिकून आहे, हे मात्र खरं. विंड टनेल आहे, फ्लाइट सिम्युलेटर आहेत, विमानचालनाशी जोडलेले अभ्यासक्रम आहेत. स्वतः शर्यतीची गाडी बांधून स्पर्धेत उतरवणाऱ्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’मध्ये हे विद्यापीठ जुनं खेळाडू आहे. मला जास्त रस वाटतो तो थोड्या बाजूच्या कामात. हवेतले सूक्ष्म कण आणि बर्फाचे स्फटिक प्रकाशाच्या विखुरण्यावरून ओळखायची उपकरणं इथल्या संशोधकांनी बनवली, ती संशोधन-विमानांवर बसवून ढगांमधून नेली जातात. काही मैलांवर बेफर्डबरीला विद्यापीठाची वेधशाळा आहे, खगोलशास्त्र हा त्यांचा नावाजलेला विषय, दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधण्यात इथल्या लोकांची नावं येतात. ‘कास्पर’ नावाचा लहान मुलाएवढा यंत्रमानव इथेच घडला, स्वमग्न मुलांना हावभाव आणि स्पर्श समजून घ्यायला मदत व्हावी म्हणून. नर्सिंग, फार्मसी, ॲनिमेशन यांचंही नाव बरं आहे, पण तो तुमच्या मुलीचा विषय नाही.

आणि संशोधनाचा पैसा? तिथे मेहुणे बरोबर आहेत. जुन्या, मोठ्या विद्यापीठांकडे तो कितीतरी जास्त आहे. मुलीला पुढे पीएच.डी. करायची असेल तर ते महत्त्वाचं. नोकरीच करायची असेल तर कमी.

नोकरीचं मात्र आताच स्पष्ट बोलू, कारण एजंट हे सांगणार नाही. हॅटफिल्डच्या उत्तरेला स्टीव्हनेज आहे. तिथे एअरबसचा उपग्रह बांधण्याचा विभाग आहे, मंगळावर पाठवायची ‘रोझलिंड फ्रँकलिन’ ही गाडी तिथेच जोडली गेली. क्षेपणास्त्रं बनवणारी एमबीडीए कंपनीही तिथेच. नकाशावर बघितलं की वाटतं, वा, शेजारीच नोकरी! पण ब्रिटनच्या एरोस्पेसमधल्या पुष्कळ जागा संरक्षणखात्याशी जोडलेल्या असतात आणि त्यांना सुरक्षा-मंजुरी लागते. ती मिळायला सहसा त्या देशात काही वर्षं राहिलेलं असावं लागतं. नव्या परदेशी विद्यार्थ्याला ती दारं जवळजवळ बंदच. उरतात प्रवासी विमानं, देखभाल, सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर, मोटार उद्योग. चाकणच्या दोन वर्षांचा तिथे उपयोग होईल, तो ती अर्जात नीट मांडते का ते बघा.

त्यात वेळ कमी. पदवीनंतर थांबून काम शोधायची मुभा २०२१ पासून दोन वर्षांची होती. १ जानेवारी २०२७ पासून जे त्यासाठी अर्ज करतील त्यांना पीएच.डी. वगळता दीडच वर्ष मिळेल. एक वर्षाची एम.एस्सी. म्हणजे पोचल्या-पोचल्या नोकरीचे अर्ज सुरू करायला हवेत. तिथे प्लेसमेंट म्हणजे आपल्यासारखं कंपन्यांनी कॉलेजात येऊन मुलं उचलणं नव्हे, हेही तिला आधीच माहीत असू द्या. ‘प्लेसमेंटसह’ अशी एम.एस्सी. असली तरी जागा विद्यार्थ्यालाच मिळवावी लागते.

आता एजंट. त्याचा सल्ला तुम्हाला फुकट मिळतो, कारण विद्यापीठ त्याला प्रवेशामागे कमिशन देतं. यात बेकायदा काही नाही. पण त्याची घाई तुमची घाई नव्हे. विद्यापीठांना परदेशी विद्यार्थी हवेच आहेत. इंग्लंडमध्ये स्थानिक पदवी-विद्यार्थ्यांची फी सरकारने २०१७ पासून २०२५ पर्यंत ९,२५० पौंडांवर गोठवून ठेवली होती, महागाई मात्र थांबली नाही. ती तूट भरून निघते तुमच्या मुलीसारख्यांच्या फीतून. परदेशी मुलं कमी आली तशी अनेक विद्यापीठांनी विभाग आवळले. डिपॉझिटची शेवटची तारीख ऑफर लेटरमध्ये छापलेली असते, ती वाचा. एजंटच्या तोंडची तारीख आणि ती जुळत नसेल, तर एजंट बदला.

विभागाला मेल पाठवून विचारायच्या गोष्टी अशा: हा नेमका अभ्यासक्रम, या नेमक्या वर्षाला, रॉयल एरोनॉटिकल सोसायटीने, म्हणजे विमानक्षेत्रातल्या ब्रिटिश व्यावसायिक संस्थेने, मान्य केलेला आहे का? (विभागाला मान्यता आहे, असं गोल उत्तर चालणार नाही. मान्यता अभ्यासक्रमाला असते.) गेल्या वर्षी वर्गात किती मुलं होती आणि प्रकल्पाला एका मार्गदर्शकाकडे किती येतात? विंड टनेल आणि सिम्युलेटर एम.एस्सी.च्या मुलांना स्वतःच्या प्रकल्पासाठी मिळतात, की ते पदवीच्या वर्गांना दाखवायला आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असेल. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यंत्र असणं आणि यंत्रावर हात बसणं यातलं अंतर सांगायला नको.

दोन कागद विसरू नका. एरोस्पेससारख्या विषयांना भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी ‘एटास’ नावाचं प्रमाणपत्र ब्रिटिश सरकारकडून घ्यावं लागतं. फुकट मिळतं, पण कित्येक आठवडे लागतात, आणि ते नसेल तर व्हिसाचा अर्जच अडतो. ते लागणार की नाही हे विद्यापीठ ऑफरसोबत सांगतं. दुसरं, मुलीच्या मनात परत येऊन सरकारी कंपनीत जायचं असेल, म्हणजे तुमच्याच ओझरच्या वाटेने, तर परदेशी पदवीची समकक्षता आधी तपासा. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटनने एकमेकांच्या पदव्या मान्य करायचा करार केला, एक वर्षाच्या मास्टर्सचा प्रश्न त्याने बराचसा सुटला, पण इंजिनिअरिंगसारखे व्यावसायिक विषय त्या करारातून बाहेर ठेवले आहेत.

पैशांचं. व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो, शिवाय विद्यार्थ्यांना आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. हॅटफिल्ड लंडनमध्ये नाही, पण लंडनला रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्यांचं गाव आहे, त्यामुळे भाडी स्वस्त नाहीत. शिकताना सत्रात आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यातून किराणा निघेल, फी निघणार नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: कर्जाचा हप्ता रुपयांतल्या पगारातून, म्हणजे मुलगी वर्षाने परत पुण्यात किंवा बंगळुरात आली तर जो मिळेल त्यातून, फिटेल का ते मांडून बघा. पौंडातला पगार गृहीत धरून घर तारण ठेवू नका. हा हिशोब बसत नसेल तर विद्यापीठ कितीही चांगलं असो, या वर्षी नाही म्हणा. ऑक्सफर्ड असतं तरी मी हेच लिहिलं असतं.

हिशोब बसला आणि विभागाची उत्तरं नीट आली, तर पाठवा. विमानांसाठीच जन्मलेलं ते विद्यापीठ आहे, मुलीला विमानांतच काम करायचं आहे. नावाजलेल्या जुन्या विद्यापीठात ‘मॅनेजमेंट’ नावाचं काहीतरी करण्यापेक्षा मला हे पटतं. हिशोब बसला पण उत्तरं गोलगोल आली, तर घाई नको. तिला लफबरा, क्रॅनफिल्ड, बाथ इथे पुढच्या वर्षासाठी अर्ज करू द्या. चाकणचं तिसरं वर्ष वाया जात नाही.

मामा-भाचीचं काय करायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगते. मेहुणे तिकडे राहतात, त्यांना तिथली घरभाडी, बँकेची खाती, थंडीतले कपडे, सगळं ठाऊक आहे. त्यांच्याकडे विद्यापीठाचं मत मागू नका. हॅटफिल्डला एक दिवस जाऊन कॉलेज लेन बघून याल का, एवढं विचारा. ऐंशी-नव्वद मैलांचा प्रश्न आहे. हे बघा, ज्या माणसाला मत द्यायची सवय असते त्याला काम दिलेलं आवडतं. आणि विभागाला जायचा तो मेल तुम्ही लिहू नका, एजंटलाही लिहू देऊ नका. मुलीला तिच्याच नावाने लिहू द्या, उत्तर आलं की ते तिघांनी मिळून वाचा.